चित्राला लागलेला हात: पडद्यावरील स्पर्शाचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर एखादा चौकोन उमटवणे सोपे असते. त्या चौकोनाला कोणी हात लावला, तो उचलला, ओढला की नुसता ढकलला, हे संगणकाला कळणे मात्र अवघड असते. पडद्यावर दिसतात ते केवळ उजळलेले ठिपके. त्यांतले कोणते ठिपके मिळून एक वस्तू होते, तिची कड कुठे संपते, तिच्यामागे आणखी काही दडले आहे का, यांपैकी काहीच ठिपक्यांत लिहिलेले नसते. म्हणून चित्र हाताळण्याजोगे करायचे तर संगणकाजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात. एक, चित्राबरोबर जपलेली वस्तूंची वेगळी नोंद. आणि दोन, हाताच्या हालचालीचा अर्थ लावण्याची रीत. गेल्या सुमारे पाऊणशे वर्षांत या दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने घडत गेल्या. सुरुवातीला हा प्रश्न वेळेच्या हिशेबाने सुटला, मग जागेच्या मोजमापाने, मग भूमितीने. अलीकडे तो माणसाच्या हेतूचा अंदाज बांधून सोडवला जातो.

प्रकाशबंदूक आणि वेळेचा हिशेब

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५० च्या आसपास ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक उभा राहिला. त्याच्या गोल काचेच्या पडद्यावर ठिपके उमटत. त्यांतला नेमका एक ठिपका संगणकाला दाखवता यावा म्हणून रॉबर्ट एव्हरेट यांनी ‘लाइट गन’ म्हणजे प्रकाशबंदूक तयार केली. नाव बंदुकीचे असले तरी तिच्यातून काही बाहेर पडत नसे. उलट तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा घटक बसवलेला होता.

पडद्यावरचे सगळे ठिपके एकाच क्षणी उजळत नसत. संगणक ते एकामागून एक, अतिशय वेगाने काढत असे आणि डोळ्याला ते एकत्र दिसत. बंदूक ज्या ठिपक्यावर धरली असेल तो उजळला की तिच्यातून विजेचा एक ठोका संगणकाकडे जाई. त्या क्षणी आपण कोणता ठिपका काढत होतो हे संगणकाला ठाऊक असेच. त्यामुळे बंदूक पडद्यावर कुठे आहे हे मोजण्याची गरजच पडत नसे. ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा’ यावरून मिळे.

व्हर्लविंडवर झालेल्या या कामातून अमेरिकेची ‘सेज’ ही हवाई संरक्षण यंत्रणा उभी राहिली. ती १९५८ पासून कार्यान्वित झाली आणि १९८० च्या दशकापर्यंत वापरात होती. अंधाऱ्या खोलीत बसलेले सैनिक रडारवर दिसलेल्या विमानाच्या खुणेवर बंदूक रोखून चाप ओढत आणि त्या विमानाची माहिती मागवत. चित्रातील वस्तू दाखवून तिच्याविषयी संगणकाला काही विचारण्याचा हा पहिला मोठा व्यवहार होता. मात्र वस्तू दाखवण्यापलीकडे हाताला तिचे काही करता येत नव्हते. ती हलवणे, ताणणे किंवा दुसरीला जोडणे अजून दूर होते.

स्केचपॅड

ही पुढची पायरी आयव्हन सदरलँड यांनी गाठली. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील ‘टीएक्स-२’ या संगणकावर त्यांनी डॉक्टरेटसाठी ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम लिहिला आणि १९६३ साली त्यावरील प्रबंध सादर केला. क्लॉड शॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. टीएक्स-२ चा पडदा जेमतेम सात इंच लांब आणि तेवढाच रुंद होता. आडवे-उभे मिळून त्यावर १०२४ गुणिले १०२४ जागी ठिपका उमटू शके.

स्केचपॅडमध्ये बंदुकीची जागा लाइट पेनने, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या लेखणीने घेतली होती. पण लेखणीला फक्त उजळलेली जागा दिसते. रिकाम्या काळ्या पडद्यावर ती आंधळीच. म्हणून संगणक लेखणीच्या टोकाखाली सतत एक फुली काढत राही आणि फुलीचे कोणते ठिपके लेखणीला दिसले यावरून ती कोणीकडे सरकली हे ठरवी. लेखणी फार वेगाने हलली तर फुली मागे पडे आणि माग सुटे. सदरलँड यांनी या उणिवेचाच उपयोग करून घेतला. रेघ पुरी झाली की वापरणाऱ्याने लेखणीला एक झटका द्यायचा. माग तुटला की संगणक समजे, काम संपले. हाताच्या हालचालीला ठरवून अर्थ दिल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

प्रबंधाच्या सुरुवातीलाच दिलेला एक प्रयोग या कार्यक्रमाची रीत नीट दाखवतो. वापरणाऱ्याने वेड्यावाकड्या सहा रेघा जोडून एक षट्कोन काढायचा. बटण दाबून लेखणी सरकवली की आरंभबिंदूपासून लेखणीपर्यंत रेघ रबरासारखी ताणली जाई. सहावी रेघ पहिलीच्या टोकाजवळ आली की ती आपोआप त्या टोकाला अचूक चिकटे. थरथरत्या हाताने ते टोक नेमके गाठण्याची गरज नसे. मग एक वर्तुळ काढायचे, षट्कोनाचे सहाही कोपरे एकेक करून त्या वर्तुळावर नेऊन टेकवायचे आणि सगळ्या बाजू समान करण्याची आज्ञा द्यायची. आकृती आपणहून सरकत सावरत नियमित षट्कोन होऊन बसे.

हे शक्य झाले कारण स्केचपॅडच्या स्मृतीत चित्राचे ठिपके नव्हे तर वस्तू साठवलेल्या होत्या. कोणती रेघ कोणत्या बिंदूंना जोडलेली आहे, कोणता बिंदू कोणत्या वर्तुळावर बसला पाहिजे, कोणत्या दोन रेघा समांतर हव्यात, हे सारे नाते एकमेकांत गुंफलेल्या नोंदींच्या रूपात जपले जाई. त्याच षट्कोनाच्या अनेक प्रती मांडून मूळ आकृती बदलली, तर सगळ्या प्रती एकदम बदलत. लेखणी रेघेच्या जवळ आली तर ती रेघेवरच आहे असे धरून चालण्याची सोयही होती. हाताची चूक गृहीत धरून तिला सांभाळून घेण्याची ही कल्पना पुढच्या प्रत्येक पिढीने या ना त्या रूपात वापरली.

टॅबलेट, माउस आणि जागेचे मोजमाप

पडद्यासमोर हात उचलून धरून लेखणी चालवणे थकवणारे होते. शिवाय लेखणीचा सारा कारभार पडद्याच्या विशिष्ट रचनेवर अवलंबून होता. रँड कॉर्पोरेशनमध्ये टॉम एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये बनवलेल्या टॅबलेटने ही गाठ सोडवली. दहा इंच लांब-रुंद पाटीखाली तारांची बारीक जाळी होती, इंचाला शंभर रेघा या प्रमाणात. लेखणी कोणत्या तारांवर आहे हे थेट मोजले जाई. हात मेजावर आणि नजर पडद्यावर, अशी विभागणी झाली आणि माणसांना ती चटकन जमली.

या टॅबलेटवर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ग्रेल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यात प्रवाहआलेख हातानेच काढायचा असे. ओबडधोबड चौकोन काढला की संगणक त्याला ओळखून सरळ कडांचा करी, आत हाताने लिहिलेली अक्षरे वाचून छापील करी, आणि एखाद्या गोष्टीवर खाडाखोड केली तर ती पुसून टाकी. कागदावर माणूस जे करतो त्यालाच आज्ञा मानण्याचा हा प्रयत्न होता.

दुसरीकडे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस बनवला. लाकडी डबी, तिच्या तळाशी एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण, एवढेच त्याचे रूप होते. एंगलबार्ट यांच्या गटाने लाइट पेन, जॉयस्टिक, इतकेच काय गुडघ्याने चालवायचे साधनही माउसशी ताडून पाहिले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत त्यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

माउस का सरस ठरतो याचे मोजून दिलेले उत्तर १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांच्या अभ्यासातून आले. त्यांनी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम आधाराला घेतला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका ते गाठायला हाताला वेळ जास्त, असा तो नियम. माउसने लागणारा वेळ हाताच्या स्वाभाविक मर्यादेच्या जवळ जातो, म्हणजे साधन स्वतः फारसा अडथळा आणत नाही, असे दिसून आले. तेव्हापासून पडद्यावरच्या बटणाचा आकार आणि जागा ठरवताना हा नियम वापरला जातो.

माउसने जागा कळली, पण एक सोय गेली. लाइट पेनला वस्तू आपोआप कळत असे. माउसला फक्त दोन आकडे कळतात, आडवे अंतर आणि उभे अंतर. त्या आकड्यांच्या जागी कोणती वस्तू आहे हे आता हिशेबाने शोधणे भाग पडले.

ठिपक्यांचा पडदा आणि भूमितीचा आधार

याच सुमारास पडद्याचीही जात बदलली. झेरॉक्सच्या केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकात ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांचा पडदा होता आणि प्रत्येक ठिपक्याचा काळा-पांढरा रंग स्मृतीत साठवलेला असे. अशा पडद्यावर चित्र एकदा उमटले की ते काढणाऱ्या आज्ञांशी त्याचा संबंध उरत नाही. एखादा काळा ठिपका अक्षराचा आहे की चौकटीचा, हे ठिपक्याकडे पाहून सांगता येत नाही.

त्यामुळे ‘हा बिंदू या आकृतीच्या आत आहे का’ हा भूमितीतील प्रश्न रोजच्या वापराचा झाला. चौकोनाच्या बाबतीत चार तुलनांत काम भागते. वर्तुळासाठी केंद्रापासूनचे अंतर पुरते. वाकड्यातिकड्या आकृतीसाठी एक जुनी युक्ती आहे. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ दूरवर न्यायची आणि ती आकृतीची कड किती वेळा ओलांडते ते मोजायचे. संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. महाराष्ट्राच्या नकाशावर पुण्यापासून उत्तरेला रेघ ओढली तर सीमा कितीही वळणे घेत असली तरी ओलांडण्यांची संख्या विषमच येते. हैदराबादपासून ओढली तर ती समच येते, मग रेघ राज्यातून आरपार गेली तरी. या रीतीचा संगणकासाठी लिहिलेला एक कार्यक्रम १९६२ मध्येच एम. शिमरात यांनी प्रसिद्ध केला होता. अडचण येते ती रेघ नेमकी एखाद्या कोपऱ्यातून गेली तर. तो कोपरा एकदा मोजायचा की दोनदा, याचे नियम काटेकोरपणे ठरवावे लागतात.

ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या ‘क्विकड्रॉ’ने या कामाला वेग दिला. एकमेकांवर आलेल्या खिडक्यांचे उघडे राहिलेले भाग कितीही विचित्र आकाराचे असले तरी क्विकड्रॉ त्यांना ‘रीजन’ या आटोपशीर रूपात साठवी. बिंदू अशा प्रदेशात आहे का, हे त्यामुळे त्या काळच्या मंद प्रोसेसरवरही झटपट ठरे. बटण, खिडकीची कड, मेनू या सगळ्यांवरचे क्लिक याच मार्गाने ओळखले जात.

त्याच यंत्रावरील दोन कार्यक्रमांत वस्तूंच्या नोंदीचे महत्त्व उघड दिसे. मॅकपेंटमध्ये काढलेले वर्तुळ लगेच ठिपक्यांत विरून जाई. ते हलवायचे तर त्याभोवती फास टाकून ठिपके उचलावे लागत आणि खालचे चित्र असेल तर तेही सोबत निघून येई. मॅकड्रॉमध्ये वर्तुळ ही वस्तू म्हणून टिकून राही. दुसऱ्या दिवशीही त्याच्या कडेवर क्लिक केले की कोपऱ्यांवर पकडण्याचे छोटे चौकोन उमटत आणि ते ओढून आकार बदलता येई. वेबवर हीच विभागणी पुन्हा दिसते. २००१ मध्ये मानक झालेल्या एसव्हीजीत प्रत्येक आकृती स्वतंत्र वस्तू असते आणि तिच्यावरचा क्लिक ब्राउझर स्वतः ओळखतो. २००४ मध्ये ॲपलने आणलेल्या कॅनव्हासमध्ये फक्त ठिपके उरतात आणि वस्तूंची यादी कार्यक्रम लिहिणाऱ्याला स्वतः ठेवावी लागते.

मजकूर हेदेखील पडद्यावर काढलेले चित्रच असते आणि देवनागरीत त्याची हाताळणी आणखी नाजूक होते. ‘कि’ मधली वेलांटी पडद्यावर ‘क’च्या डावीकडे दिसते, पण स्मृतीत ती ‘क’च्या नंतर साठवलेली असते. ‘क्षि’ वर क्लिक केले तर कर्सर जोडाक्षराच्या पोटात थांबून चालत नाही. म्हणून युनिकोडच्या नियमांत अक्षरांचे गट ठरवून दिलेले आहेत. क्लिक कुठेही झाला तरी कर्सर अशा गटाच्या सीमेवर नेला जातो.

तिसरी मिती

त्रिमितीय चित्रात एकाच ठिपक्यामागे अनेक वस्तू असू शकतात. तिथे दोन रीती रूढ झाल्या. पहिलीत डोळ्याच्या जागेपासून क्लिक केलेल्या ठिपक्यातून चित्रातल्या जगात एक काल्पनिक किरण सोडला जातो आणि तो ज्या वस्तूला सर्वांत आधी भिडतो ती निवडली जाते. दुसरीत पडद्यावर न दाखवता तेच चित्र पुन्हा एकदा काढले जाते, पण प्रत्येक वस्तूला एकच सपाट आणि दुसऱ्या कोणालाही न दिलेला रंग देऊन. क्लिकच्या जागी कोणता रंग आहे हे पाहिले की वस्तू कळते. ठिपका आणि वस्तू यांचे नाते लाइट पेनच्या काळात आपोआप मिळत होते. या युक्तीने ते मुद्दाम पुन्हा जोडले गेले.

वस्तू सापडली तरी तिला फिरवायचे कसे हा प्रश्न उरतो, कारण माउस सपाट मेजावर फिरतो आणि वस्तूला तीन अक्षांभोवती वळायचे असते. केन शूमेक यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘आर्कबॉल’ रीतीत वस्तूभोवती एक अदृश्य गोल कल्पिला जातो. माउसने त्या गोलाच्या पृष्ठभागावर जणू बोट टेकवून तो फिरवला असे मानून वळण ठरवले जाते.

धरणे, ओढणे, सोडणे

झेरॉक्सने १९८१ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्टार’ संगणकात कागद, फायली, टपालपेटी यांची चित्रे पडद्यावर होती आणि ती उचलून ठेवता येत. मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा पद्धतीला ‘थेट हाताळणी’ हे नाव दिले आणि तिची लक्षणे सांगितली. वस्तू सतत डोळ्यांसमोर असावी, आज्ञा टाइप करण्याऐवजी कृती हातानेच व्हावी, परिणाम लगेच दिसावा आणि केलेले उलटवता यावे.

या कृती संगणकाच्या बाजूने कशा दिसतात हे बिल बक्स्टन यांनी १९९० मध्ये तीन अवस्थांत मांडले. साधन संवेदनेच्या कक्षेबाहेर असणे, कक्षेत असून नुसता माग लागणे, आणि बटण दाबून ओढत असणे. माउस दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत असतो. साध्या स्पर्शपडद्याला मधली अवस्था नसते. बोट एकतर टेकलेले असते किंवा नसते. स्पर्शपडद्यावर वस्तूवर नुसते घुटमळून माहिती मिळत नाही, याचे कारण हेच.

ओढण्यात वजनाची जाणीव आणण्याचे काम भौतिकीच्या कार्यक्रमांनी केले. कर्सर जाईल तिथे वस्तू जशीच्या तशी नेली तर ती भिंतीतूनही आरपार जाते. म्हणून कर्सर आणि वस्तूचा पकडलेला बिंदू यांच्यामध्ये एक काल्पनिक स्प्रिंग जोडली जाते. हात वस्तूला नेत नाही, तिच्यावर बल लावतो. वस्तू हेलकावते, अडखळते, जड असेल तर मागे रेंगाळते. एरिन कॅटो यांच्या ‘बॉक्स२डी’ या प्रसिद्ध कार्यक्रमसंचात ही सोय ‘माउस जॉइंट’ नावाने आहे. जपानचे ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत हाताने काढलेल्या माणसाचा हात धरून ओढला तर सगळे शरीर स्वाभाविकपणे वाकते. आकृती लहान त्रिकोणांत विभागून प्रत्येक त्रिकोणाचा मूळ आकार शक्य तितका टिकवायचा, एवढ्या नियमावर ते साधले होते.

बोट

बोटाने चालणाऱ्या पडद्याचा इतिहास माउसइतकाच जुना आहे. ब्रिटनमधील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटचे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणासाठी अशा पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षणयंत्रणेत १९७२ पासून अवरक्त किरणांच्या १६ गुणिले १६ जाळीवर विद्यार्थी बोटाने उत्तरे देत. एकाच वेळी अनेक स्पर्श ओळखणारी आरंभीची रचना टोरँटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये केली. मायरन क्रूगर यांच्या ‘व्हिडिओप्लेस’मध्ये तर १९८० च्या दशकातच पडद्यावरची आकृती दोन बोटांच्या चिमटीने लहानमोठी करता येत असे. २००७ च्या आयफोनने ही चिमूट घराघरांत पोहोचवली.

बोटाच्या अडचणी दोन. ते जाड असते आणि ज्याला हात लावायचा तेच झाकून टाकते. मेरीलँडमधील १९८८ च्या एका अभ्यासात यावर तोडगा तपासला गेला. कर्सर बोटाच्या किंचित वर दाखवायचा आणि निवड बोट टेकताना नव्हे तर उचलताना मानायची. चुका त्याने कमी झाल्या. आजही बहुतेक बटणे बोट उचलल्यावरच काम करतात आणि बोट बाजूला घसरवून नेले तर दाबणे रद्द होते. ॲपलची मार्गदर्शक सूचना बटणासाठी किमान ४४ पॉइंट जागा सांगते; गूगलच्या अँड्रॉइडची सूचना सुमारे नऊ मिलिमीटर.

मराठी टंकलेखनात या सगळ्याचा एक चांगला मेळ मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात घडला. तिथे तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘म’ वर बोट टेकले की त्याभोवती मा, मि, मी, मु असे चक्र उमटते आणि बोट त्या दिशेला सरकवून उचलले की अक्षर पुरे होते. बोटापासून सगळे पर्याय सारख्याच अंतरावर राहतात आणि दिशा सवयीने पाठ होते. याच केंद्रात शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीत २००९ मध्ये दाखवलेल्या ‘सिक्स्थ सेन्स’ प्रयोगात मनगटावर बोटाने वर्तुळ काढले की तिथे प्रक्षेपित घड्याळ उमटत असे.

बलाचा प्रत्यय

वर सांगितलेल्या पद्धतींत हात वस्तूवर परिणाम करतो, वस्तू हातावर करत नाही. चित्रातील वस्तू हाताला लागावी, ही कल्पना सदरलँड यांनी १९६५ च्या एका लेखात मांडली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६७ मध्ये ‘ग्रोप’ प्रकल्प सुरू केला. अणुभट्टीतील घातक पदार्थ दुरून हाताळण्यासाठी बनवलेल्या यांत्रिक बाहूची मूठ धरून वापरणारा पडद्यावरचे ठोकळे उचली आणि त्यांचा विरोध मुठीत जाणवे. त्याहून गुंतागुंतीची आकृती तेव्हाच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर होती. १९९० मध्ये मात्र याच प्रकल्पात औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसवताना जाणवणारे आकर्षण आणि प्रतिकर्षण रसायनशास्त्रज्ञांना हाताने अजमावता आले.

टॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी एमआयटीत बनवलेल्या आणि १९९४ मध्ये सादर केलेल्या ‘फँटम’ या छोट्या यंत्रात बोट टोपणात घालायचे असे. डोळ्याला सेकंदाला काही दशक चित्रे पुरतात; बोटाला टणक भिंत टणक वाटावी यासाठी बलाचा हिशेब सेकंदाला सुमारे हजार वेळा करावा लागतो, नाहीतर भिंत मऊ लागते किंवा थरथरते. शिवाय बोट प्रत्यक्षात काल्पनिक भिंतीच्या आत थोडे शिरतेच. म्हणून संगणक बोटाची एक दुसरी, पृष्ठभागावरच राहणारी जागा स्वतंत्रपणे जपतो आणि दोन्हींतील अंतरावरून परतीचे बल ठरवतो.

उदाहरणांवरून शिकणे

प्रत्येक हालचालीसाठी नियम लिहीत बसणे परवडेना तेव्हा संगणकाला नमुने दाखवून शिकवण्याची रीत पुढे आली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील डीन रूबाइन यांनी १९९१ मध्ये रेघेची तेरा मोजमापे निश्चित केली. सुरुवातीचा कोन, एकूण लांबी, किती वळली, किती वेळात काढली, अशी ती होती. प्रत्येक खुणेचे काही नमुने दिले की संगणक नवी रेघ त्यांतल्या कोणत्या खुणेच्या जवळ जाते ते ठरवी. २००७ मध्ये जेकब वॉब्रॉक, अँड्र्यू विल्सन आणि यांग ली यांनी ‘वन डॉलर’ ही त्याहून साधी रीत दिली. रेघ सारख्या अंतरावरच्या ६४ बिंदूंत मांडायची, ठरावीक दिशेला वळवायची, ठरावीक मापाची करायची आणि साठवलेल्या नमुन्यांशी बिंदूवार ताडायची. शंभरेक ओळींत मावणारा हा कार्यक्रम विद्यार्थ्यांनाही सहज लिहिता येऊ लागला.

आकृतीचा अर्थ कळायला मात्र संदर्भ लागतो. एमआयटीत क्रिस्टीन अल्वाराडो आणि रँडल डेव्हिस यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘असिस्ट’ कार्यक्रमात यंत्राचे कच्चे चित्र काढले की ते चालू होई. तिथे वर्तुळ हे चाक असू शके किंवा दोन भाग जोडणारी खीळ. लहान वर्तुळ दोन भागांच्या छेदावर आले तर खीळ, मोकळे आणि मोठे असेल तर चाक, असा निवाडा आजूबाजूच्या रेघा पाहून करावा लागे. फिनलंडचे पेत्री पुर्हो यांच्या ‘क्रेयॉन फिजिक्स’ या खेळात रंगीत खडूने काढलेली प्रत्येक आकृती वजन मिळून खाली पडते, घरंगळते, आधार देते. २००८ मध्ये या खेळाला स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हेतूचा अंदाज

स्पर्श म्हणजे एक बिंदू, ही समजूतही पुढे बदलली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की पडद्यावरच्या कळफलकात बोट कुठे पडले याला भाषेतील शक्यतेची जोड दिली तर चुका बऱ्याच घटतात. आधीच्या अक्षरांवरून पुढे जे अक्षर येण्याची शक्यता जास्त, त्याच्या कळीचा अदृश्य प्रदेश वाढवायचा आणि शेजारच्या कळींचा आखडता घ्यायचा. डोळ्याला कळफलक तसाच दिसतो, पण प्रत्येक अक्षरागणिक त्याच्या सीमा हलत असतात. टोरँटोतील टोव्ही ग्रॉसमन आणि रॅविन बालकृष्णन यांच्या २००५ च्या ‘बबल कर्सर’मध्ये कर्सर बिंदू न राहता बुडबुड्यासारखा फुगून नेहमी सर्वांत जवळच्या एकाच लक्ष्याला कवेत घेतो. फिट्सच्या नियमानुसार लक्ष्य मोठे झाले म्हणजे हाताचा वेळ वाचतो, आणि इथे लक्ष्य न वाढवताच ते साधले.

अगदी अलीकडचा प्रश्न उलट दिशेने येतो. चित्र पाहून माणसाला कुठे हात लावावासा वाटेल, हे संगणकाला आधीच सांगता येईल का? मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले होते की वस्तू आपल्या रूपातूनच तिच्याशी काय करता येईल हे सुचवते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये ती कल्पना अभिकल्पाच्या क्षेत्रात आणली. अमांडा स्वेअरंगिन आणि यांग ली यांनी २०१९ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक मोबाइल ॲपमधील सुमारे वीस हजार घटक लोकांना दाखवून ‘हे दाबता येईल असे वाटते का’ विचारले आणि त्या उत्तरांवर एक यंत्रशिक्षण प्रणाली घडवली. रंग, आकार, जागा आणि मजकूर पाहून ती कोणता घटक दाबण्याजोगा वाटेल हे सांगते. नवा पडदा लोकांसमोर जाण्याआधीच त्यातली फसवी चित्रे तिच्यामुळे हेरता येतात: बटणासारखी दिसणारी पण निर्जीव, किंवा साध्या मजकुरासारखी दिसणारी पण दाबली जाणारी.

तरी जुन्या रीती मोडीत निघालेल्या नाहीत. ही प्रणाली ज्या फोनसाठी अंदाज बांधते त्याच फोनमध्ये बोट टेकले की आधी जागा मोजली जाते, मग चौकोनाच्या चार तुलना होतात, मग वस्तूंच्या यादीत सर्वांत वरची वस्तू शोधली जाते, आणि शेवटी बोट उचलण्याची वाट पाहिली जाते. हेतूचा अंदाज चुकला तर वापरणाऱ्याला कृती उलटवता यावी, ही श्नायडरमन यांची अट त्यामुळेच आजही पाळावी लागते.